रेझ्युमेत क्रियापदाचा काळ कसा निवडायचा

रेझ्युमे लिहायला बसलेल्या माणसाचा निम्मा वेळ फॉन्ट, रकाने आणि फोटो लावायचा की नाही यात जातो. क्रियापदांकडे लक्ष जाते ते अगदी शेवटी, तेही कुणीतरी वाचून "हे काम तू अजून करतेस का गं?" असे विचारले की. वाचणाऱ्याला हा प्रश्न पडला, तर बहुतेक वेळा काळ चुकलेला असतो.

शाळेत काळ हा व्याकरणाचा विषय होता. रेझ्युमेत तो दावा असतो. "सांभाळते" लिहिले की ते काम आजही तुमच्या हातात आहे असे तुम्ही सांगितलेत. "सांभाळले" लिहिले की ते संपले, आणि निकाल काय लागला हे विचारायची वाचणाऱ्याला मुभा मिळाली. वर तारीख आणि खाली क्रियापद. वाचणारा या दोन्हींचा ताळा पाहतो, कळत असो वा नकळत. तो जमला नाही तर एकतर तुम्ही निष्काळजी वाटता, नाहीतर जुन्या कामाला नवे म्हणून खपवणारे. मुलाखतीला जाण्याआधीच अशी छाप पडणे परवडणारे नाही.

पहिल्यांदा रेझ्युमे लिहिणाऱ्यांनी खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात. नमुने मराठी रेझ्युमेचे आहेत, कारण आपण विचार मराठीत करतो आणि चुकाही तिथूनच सुरू होतात. इंग्रजी रेझ्युमेसाठी पुढे वेगळी पायरी आहे. नमुन्यांतली पदे आणि आकडे अर्थातच काल्पनिक.

पायरी 1: आधी तारखा, मग क्रियापदे

कोऱ्या कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा: पद, सुरू झाल्याचा महिना-वर्ष, संपल्याचा महिना-वर्ष. प्रत्येक नोकरीसाठी, प्रशिक्षणार्थी म्हणून काढलेल्या काळासाठी, स्वयंसेवी कामासाठी. क्रियापद अजून एकही नको.

आता प्रत्येक ओळीकडे पाहा. संपल्याची तारीख आहे? मग त्या नोंदीखालचे सगळे भूतकाळात, अपवाद नाही. "आजपर्यंत" लिहिले आहे? मग तिथे वर्तमान आणि भूत दोन्ही येतील. ते कसे वाटायचे ते तिसऱ्या पायरीत.

काही ठिकाणी लोक अडतात, ती आधीच मोकळी करू. राजीनामा दिला आहे पण नोटीस काळ चालू आहे: शेवटचा कामाचा दिवस उलटेपर्यंत तुम्ही नोकरीतच आहात, वर्तमानकाळ चालेल. एकाच संस्थेत बढती मिळाली: दोन्ही पदांच्या नोंदी वेगळ्या करा, आधीच्या पदाला संपल्याची तारीख द्या आणि ते पद भूतकाळात टाका. संस्था तीच असली तरी ते काम आता दुसरे कुणी करते आहे. लांब रजेवर आहात: पद तुमचेच आहे, "आजपर्यंत" राहू द्या, पण सध्या हातात नसलेल्या कामांना वर्तमानकाळ लावू नका. फ्रीलान्स काम करता: व्यवसाय चालू आहे म्हणून मुख्य ओळ वर्तमानात, पण जे ग्राहक सुटले, जी कामे देऊन झाली, ती भूतकाळात.

पायरी 2: संपलेल्या कामाला साधा भूतकाळ

मराठीत भूतकाळाचे इतके प्रकार आपण सहज वापरतो की कोणता कुठे वापरला याचे भानच राहत नाही. एकच काम चार तऱ्हांनी लिहून पाहा:

ग्राहकांच्या तक्रारी सोडवल्या.
ग्राहकांच्या तक्रारी सोडवल्या होत्या.
ग्राहकांच्या तक्रारी सोडवत होतो.
ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचो.

रेझ्युमेत पहिलेच वाक्य हवे. दुसऱ्यातल्या "होत्या"मुळे वाचणारा पुढे काहीतरी येईल म्हणून थांबतो. सोडवल्या होत्या, आणि मग? पुन्हा आल्या? एका घटनेच्या आधी दुसरी घडली हे सांगायला पूर्ण भूतकाळ लागतो. रेझ्युमेत अशी गोष्ट क्वचितच असते. बोलताना आपण "मी तिकडे दोन वर्षं काम केलं होतं" असे सर्रास म्हणतो, म्हणून तो लेखनात घुसतो. तिसरे वाक्य काम चालू होते एवढेच सांगते, पूर्ण झाले की नाही ते नाही. चौथे गप्पांत शोभते.

सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ मराठी रेझ्युमेला आणखी एका कारणाने सोयीचा पडतो. क्रियापद कर्माप्रमाणे चालते: अहवाल लिहिला, यादी केली, हिशेब तपासले, काम पूर्ण केले. त्यामुळे "मी" लिहावा लागत नाही, आणि लिहिणारा पुरुष की स्त्री हेही वाक्यातून कळत नाही. मात्र "शिकणे" सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालते, "शिकलो" किंवा "शिकले". "सहभागी झालो", "रुजू झाले" यांसारखी अकर्मकेही कर्त्याप्रमाणेच चालतात. त्यात गैर काही नाही. फक्त पूर्ण रेझ्युमेभर एकच रूप ठेवा. "सहभागी झालो" खटकत असेल तर "सहभाग घेतला" आहेच.

आता सगळ्यात चिवट सवय. "करण्यात आले."

सरकारी पत्रे, इतिवृत्ते आणि सूचनाफलक वाचून वाचून ही रचना आपल्या अंगवळणी पडली आहे. तिथे ती ठीक आहे, कारण काम कार्यालयाने केलेले असते आणि कार्यालयाला नाव नसते. रेझ्युमेत मात्र कर्ता लपवून कसे चालेल? अख्खा कागद तुम्ही काय केले हे सांगण्यासाठीच आहे. "नवीन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात आले" हे वाचून प्रशिक्षण तुम्ही दिले, तुमच्या साहेबांनी दिले की त्या नवीन कर्मचाऱ्यांत तुम्हीच होतात, यातले काहीही कळत नाही. "प्रशिक्षण दिले" किंवा "प्रशिक्षण घेतले" लिहा. आणि "घेतले" लिहिताना जपून. मराठीत "वर्ग घेतला" म्हणजे शिकवले आणि "प्रशिक्षण घेतले" म्हणजे शिकलो. संदिग्ध वाटले तर "दिले" किंवा "पूर्ण केले" वापरून मोकळे व्हा.

याच जातीचे दुसरे तण म्हणजे "-ण्याचे काम केले". "बिले तपासण्याचे काम केले" ऐवजी "बिले तपासली". "अहवाल तयार करण्याची जबाबदारी पार पाडली" ऐवजी "अहवाल तयार केले". ओळ आखडते आणि काळ स्पष्ट होतो.

पायरी 3: चालू नोकरीतल्या कामांचे दोन ढीग

इथे खरी मेख आहे. चालू नोकरी म्हणजे सगळे वर्तमानकाळात, असे बहुतेक जण धरून चालतात. मग "2023 मध्ये नवीन कार्यालय उभारते" असली वाक्ये तयार होतात. नोकरी चालू असली तरी तिच्यातले प्रत्येक काम चालू नसते.

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: येत्या काळात हे काम मला पुन्हा करायचे आहे का? उत्तर हो आले तर वर्तमानकाळ, नाही आले तर भूतकाळ.

रोजची देखरेख, दर महिन्याचा अहवाल, गटाला काम वाटून देणे: हो. वर्षातून एकदाच येणारी मोजणी? तीही हो, कारण ती पुढच्या वर्षी पुन्हा येणार. एकदाच बसवलेली संगणक प्रणाली? नाही. ती प्रणाली आजही चालू आहे, पण ती बसवण्याचे तुमचे काम संपले. "बसवली." याच ठिकाणी खूप जण गोंधळतात, कारण परिणाम समोर दिसत असतो आणि म्हणून कामही चालू आहे असे वाटते. काळ तुमच्या कृतीचा पाहायचा, वस्तूचा नाही.

मग तुम्ही सुरू केलेले आणि आजही तुम्हीच चालवत असलेले काम? त्याचे दोन तुकडे करा. "नवीन कर्मचाऱ्यांसाठी साप्ताहिक प्रशिक्षण सुरू केले" ही एक ओळ, "हे प्रशिक्षण दर आठवड्याला देतो" ही दुसरी. एकाच वाक्यात "सुरू केले व देतो" असे कोंबले की वाचणाऱ्याला मध्येच दिशा बदलावी लागते.

दोन ढीग झाले की क्रम लावा. चालू कामे वर, पूर्ण झालेली खाली. उलटाही लावता येतो: तुमची मोठी कामगिरी पूर्ण झालेल्या ढिगात असेल तर तिला वर आणायला हरकत नाही. पण वर्तमान, भूत, पुन्हा वर्तमान अशी सरमिसळ नको.

वर्तमानकाळाचे कोणते रूप घ्यायचे, यावर मात्र मराठीत मतभेद होऊ शकतात. पर्याय तीन आहेत.

"देखरेख करते / करतो." नेहमीच्या, ठरलेल्या कामाला हेच रूप सरळ बसते. यात लिंग दिसते. ज्यांना ते चालते त्यांनी बिनदिक्कत वापरावे.

"देखरेख करत आहे." यात लिंग दिसत नाही, पण एखादे काम या घडीला, तात्पुरते चालू आहे असा सूर येतो. म्हणून मर्यादित मुदतीच्या कामासाठी ते राखून ठेवा: "दोन शाखांचे विलीनीकरण हाताळत आहे." अशा कामाला शेवट असतो, आणि अजून तो आलेला नाही, हे या रूपातून बरोबर कळते. रोजच्या प्रत्येक कामाला "करत आहे" जोडले तर ओळी लांबतात आणि वाचायला कंटाळा येतो.

"देखरेख करणे." याला काळच नाही. पदाच्या कर्तव्यांची यादी द्यायची असेल तर हे रूप चालते आणि लिंगाचा प्रश्नही मिटतो. मला विचाराल तर ते मी कमीत कमी वापरेन. "करणे" हे पदाचे वर्णन असते. तुम्ही ते केले की तुमच्याकडून फक्त अपेक्षित होते, हे त्यातून कळत नाही. नोकरीच्या जाहिरातीतली यादी जशीच्या तशी उचलून चिकटवली आहे अशी शंका येते, आणि अनेकदा ती खरीही असते. संपलेल्या नोकरीखाली तर "करणे" मुळीच नको. तिथे "केले" म्हणायची मुभा असताना ती का सोडायची?

जे रूप निवडाल ते चालू नोकरीच्या नोंदीत शेवटपर्यंत ठेवा. आणि बोलीतले "केलं" की लेखनातले "केले", हेही आधीच ठरवा. रेझ्युमेसाठी "केले" बरे.

पायरी 4: एक नोंद उलगडून पाहू

हा एक कच्चा मसुदा:

गोदाम पर्यवेक्षक, मार्च 2022 – आजपर्यंत
मालाच्या साठ्याची देखरेख करणे.
नवीन बारकोड पद्धत राबविण्यात आली.
आठ जणांच्या गटाला काम नेमून देत होते आणि त्यांचे प्रशिक्षण घेतले.
वार्षिक साठा मोजणी केली आहे व करते.
माल पाठवण्यातील चुका कमी होत आहेत.

पाच ओळी आणि पाच तऱ्हा. पहिलीला काळ नाही. दुसरीत कर्ता गायब. तिसरी म्हणते "देत होते", म्हणजे आता देत नाही? पण वर तर "आजपर्यंत" आहे. शिवाय प्रशिक्षण दिले की घेतले तेही कळत नाही. चौथी एकाच दमात दोन काळ सांगते. पाचवीत चुका आपोआप कमी होत आहेत, त्यात लिहिणारीचा हात कुठे दिसतच नाही.

आता तिला विचारत बसायचे. देखरेख आजही करता? हो. बारकोड पद्धत कुणी आणली? मीच आणली, 2023 मध्ये. गट अजून तुमच्याकडेच आहे? हो. प्रशिक्षण? नवी पद्धत आली तेव्हा सगळ्यांना मी दिले, आता गरज पडत नाही. मोजणी? दर वर्षअखेरीस. चुका? आधीच्या निम्म्यावर आल्या, आणि तिथेच टिकून आहेत. उत्तरे मिळाली की काळ आपसूक ठरतात:

गोदाम पर्यवेक्षक, मार्च 2022 – आजपर्यंत
साठ्यावर देखरेख ठेवते. आठ जणांच्या गटाला रोजचे काम नेमून देते.
दर वर्षअखेरीस संपूर्ण साठ्याची मोजणी करून घेते.
2023 मध्ये नोंदवहीऐवजी बारकोड पद्धत बसवली.
नव्या पद्धतीचे प्रशिक्षण संपूर्ण गटाला दिले.
माल चुकीच्या ठिकाणी जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आणले.

शेवटच्या ओळीत "आणले" का, "आणते" का नाही? कारण प्रमाण एकदा निम्म्यावर आले. ते रोज निम्म्यावर आणता येत नाही. आकडा असलेली ओळ जवळजवळ नेहमी भूतकाळातच जाते, कारण आकडा मिळतो तो काहीतरी घडून गेल्यावर. "आठ जणांच्या गटाला" यातला आकडा वेगळा. तो सध्याच्या व्याप्तीचा आहे, म्हणून वर्तमानात बसला. गट उद्या दहाचा झाला की तो बदलायला विसरू नका.

पायरी 5: उरलेले विभाग

वरचा परिचय, म्हणजे दोन-तीन ओळींचा सारांश, वर्तमानकाळात लिहावा, कारण तो आजच्या तुमच्याबद्दल असतो: "साठा व्यवस्थापनाचा सहा वर्षांचा अनुभव. बारकोड पद्धती बसवणे आणि गट घडवणे यांत हातखंडा." इथे क्रियापद गाळले तरी बिघडत नाही. आजवरच्या एकूण कामाबद्दल सांगायचे असेल तर "केले आहे" हे रूप इथे शोभते: "तीन गोदामांचे स्थलांतर हाताळले आहे." भूतकाळात झाले आणि त्याचा अनुभव आज जवळ आहे, असा दुहेरी अर्थ त्यात येतो. मात्र प्रत्येक नोकरीखाली "केले आहे, केले आहे" लावू नका. तिथे "आहे" नुसते ओझे.

शिक्षणाला बहुतेक वेळा क्रियापद लागतच नाही. पदवी, संस्था, वर्ष. शिक्षण चालू असेल तर "शिकत आहे" पेक्षा "अपेक्षित पूर्तता: जून 2027" हे जास्त उपयोगी, कारण त्यात तारीख आहे. भविष्यकाळाला रेझ्युमेत एवढीच जागा. "मी संस्थेची भरभराट करेन", "जीव ओतून काम करेन" ही आश्वासने आहेत, आणि आश्वासन कुणालाही देता येते. अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम "शिकत आहे" म्हणून दाखवणे ही काळाची चूक नव्हे, खोटेपणा आहे. किती भाग पूर्ण केला तेवढे भूतकाळात लिहा, नाहीतर तो उल्लेखच वगळा.

प्रमाणपत्रांत एक बारकावा. काहींची मुदत संपते. मिळवले ते भूतकाळात, पण आज वैध आहे का हे वेगळे सांगावे लागते: "2024 मध्ये मिळवले, 2027 पर्यंत वैध." मुदत उलटली असेल तर "प्रमाणपत्रधारक" असे बिरुद लावू नका.

कौशल्यांची यादी नामांतच ठेवा. पुरस्कार, शिष्यवृत्ती, स्पर्धा: सगळे भूतकाळात, "मिळवला", "पटकावले". संशोधन करणाऱ्यांनी लेखाची अवस्था नेमकी लिहावी. प्रसिद्ध झाला, स्वीकारला गेला, परीक्षणाखाली आहे: या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्या क्षेत्रातला वाचणारा हा फरक चटकन ओळखतो. पेटंटचेही तसेच. अर्ज दाखल केला म्हणजे पेटंट मिळाले नव्हे.

स्वयंसेवी कामाला नोकरीचाच नियम. चार वर्षांपूर्वी दोन शिबिरांना मदत केली असेल तर "मदत करतो" लिहू नका. छंद लिहिणार असाल तर जे आज करता तेच. मुलाखतीत कुणी "सध्या काय वाचताय?" असे विचारले तर उत्तर हवे.

पायरी 6: इंग्रजी रेझ्युमे

तत्त्व तेच: संपले ते साध्या भूतकाळात, चालू ते साध्या वर्तमानकाळात. फरक पडतो तो रूपांत.

इंग्रजी रेझ्युमेत "आय" गाळतात आणि ओळ क्रियापदानेच सुरू होते. संपलेल्या कामाला मॅनेज्ड, ट्रेन्ड, डिझाइन्ड, बिल्ट. चालू कामाला मॅनेज, ट्रेन, डिझाइन. शेवटी एस लावायचा नाही. "मॅनेजेस" लिहिले की तिऱ्हाईत माणूस तुमच्याबद्दल बोलतोय असे होते. गाळलेला कर्ता "आय" आहे हे लक्षात ठेवले की एस आपोआप गळतो.

आपल्याकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे "मॅनेजिंग", "हँडलिंग", "लुकिंग आफ्टर". आपले "करणे" आणि "करत आहे" इंग्रजीत जसेच्या तसे उतरतात ते असे. या रूपातून काळ कळत नाही. संपलेल्या नोकरीखाली तर ते हमखास घोटाळा करते. "रिस्पॉन्सिबल फॉर" हाही तसाच: जबाबदारी होती हे कळते, पार पाडली का ते नाही. "वॉज मॅनेजिंग" मधला "वॉज" काढा आणि "मॅनेज्ड" लिहा. "वॉज डन बाय मी" म्हणजे आपले "करण्यात आले" कोट-टाय घालून आलेले.

अनियमित क्रियापदे एकदा नीट पाहून घ्या. टीचचे टॉट, राइटचे रोट, रनचे रॅन, ओव्हरसीचे ओव्हरसॉ. आणि लीड. त्याचा भूतकाळ लेड, स्पेलिंग एल-ई-डी. शिसे या धातूचे इंग्रजी नावही उच्चाराला लेडच, पण त्याचे स्पेलिंग एल-ई-ए-डी, म्हणून हात आपसूक तिकडे वळतो. फक्त स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीला ही चूक पकडता येत नाही, कारण तो शब्दही बरोबरच असतो. गट चालवणाऱ्या प्रत्येकाच्या रेझ्युमेत हे क्रियापद असते, तेव्हा डोळ्यांत तेल घालून तपासा.

सेट, कट, पुट यांचे भूतकाळातले रूप बदलत नाही. "कट कॉस्ट्स" म्हणजे खर्च कमी करता की केला? संपलेल्या नोकरीखाली संदर्भाने कळते. चालू नोकरीखाली कळत नाही. तिथे वर्ष लिहा किंवा "रिड्यूस्ड" घ्या.

स्पेलिंगची आणखी एक खोच: प्लॅन आणि ट्रान्स्फर यांच्या भूतकाळात शेवटचे व्यंजन दुप्पट होते, ऑफर आणि बजेट यांच्या होत नाही. ऑर्गनाइझ्डमध्ये एस लिहा किंवा झेड, दोन्ही चालतात. पण एकाच कागदावर दोन्ही नकोत.

मराठी मसुदा यंत्राकडून इंग्रजीत करून घेणार असाल तर आधी मराठी दुरुस्त करा. "केले होते" दिलेत तर तिकडून बहुधा "हॅड" येईल आणि "करत आहे" दिलेत तर आयएनजी.

सोबतच्या अर्जपत्राला हे गाळण्याचे नियम लागू नाहीत. तिथे पूर्ण वाक्ये, "मी" किंवा "आय" सकट, आणि काळ बोलताना येतात तसे. "भेटीत सविस्तर सांगेन" हा भविष्यकाळही तिथे चालतो.

पायरी 7: फक्त क्रियापदांसाठी एक फेरी

मजकूर झाला की पुन्हा पहिल्यापासून वाचू नका. वाक्यांच्या ओघात काळाच्या चुका दिसत नाहीत. त्याऐवजी शोधण्याची सोय वापरा. मराठीत "होत", "ण्यात आल", "ण्याचे काम", "आहे" हे तुकडे एकेक करून शोधा. "होत" मध्ये होतो, होते, होत्या सगळे सापडतील. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, हे नसते तर काय बिघडले असते? बहुतेक वेळा काहीच नाही. इंग्रजीत आयएनजी, "वॉज", "हॅव" आणि "रिस्पॉन्सिबल" शोधा.

मग एकेका नोंदीची तारीख मोठ्याने वाचा आणि लगेच तिच्याखालच्या ओळींची फक्त शेवटची क्रियापदे वाचा. "जून 2019 ते फेब्रुवारी 2022. लावला, मोजला, नोंदवल्या, पाठवते." पाठवते? सापडले. जुनी नोकरी चालू होती तेव्हा लिहिलेली ओळ तशीच राहून गेलेली असते. जुना रेझ्युमे पुढे वाढवत नेणाऱ्यांकडे ही चूक हमखास मिळते, अनुभवी लोकांकडे तर जास्तच.

व्यावसायिक नेटवर्किंगच्या संकेतस्थळावर तुमची माहिती असेल तर तिच्याशीही ताडून पाहा. कागदावर "सांभाळले" आणि तिथे "सांभाळतो" असे असले की विचारणारा विचारतोच.

नोकरी सोडली की त्याच आठवड्यात रेझ्युमे उघडा. "आजपर्यंत" काढून महिना-वर्ष टाका आणि त्या नोंदीतले वर्तमानकाळाचे प्रत्येक क्रियापद भूतकाळात न्या. हे करताना एखादी ओळ भूतकाळात गेल्यावर अगदीच पोकळ दिसू लागते. "दैनंदिन कामकाज पाहते" ठीक वाटत होते. "दैनंदिन कामकाज पाहिले" वाचून मग काय झाले, असे मनात येते. ती ओळ तशी ठेवू नका. त्या कामातून जे निघाले ते लिहा, किंवा ओळ काढून टाका.

आणि रेझ्युमे आधीच पाठवला असेल, नंतर नोकरी सुटली आणि मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे? सुधारित प्रत आपणहून पाठवा, सोबत एक ओळ: "अमुक तारखेपासून या पदावरून कार्यमुक्त झालो आहे, त्यानुसार सुधारित रेझ्युमे जोडत आहे." ते जमले नाही तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत तोंडी सांगा. कागदावरचा वर्तमानकाळ तोवर जुना झालेला असतो, आणि हे त्यांना दुसरीकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेले बरे.